परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचं काम पश्चिम घाटावरचं. सातपुड्याच्या पायथ्याच्या आमच्या गावाला त्याचा काय उपयोग?

त्यांच्या समितीचा २०११ चा अहवाल तापीपासून कन्याकुमारीपर्यंतच्या डोंगररांगेचा आहे. तापीच्या उत्तरेचा सातपुडा त्यात नाही, हे खरं. पण माझ्या मते खानदेशाला त्यांचं दुसरंच काम जास्त लागू पडतं.

१९७५ च्या सुमारास कर्नाटकात त्यांनी बांबूचा अभ्यास केला. कागद गिरण्यांना टनामागे दीड रुपयाने बांबू मिळत होता आणि बुरुडांना तोच बाजारात हजार-दीड हजाराने घ्यावा लागत होता. हा अन्याय होताच, पण त्याहून शिकवणारी गोष्ट काट्यांची. वाढ मोकळी व्हावी म्हणून वनखातं बांबूच्या बेटांच्या बुडाचं काटेरी जाळं काढून टाकायचं. गावकरी सांगत, त्याच काट्यांमुळे कोवळे कोंब गुरांपासून वाचतात. अभ्यासात गावकरी बरोबर निघाले.

लोक जैवविविधता नोंदवहीमागे, म्हणजे गावातले जीव, वाण आणि त्यांबद्दलची लोकांची माहिती गावानेच लिहून ठेवायच्या वहीमागे, हाच विचार आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखालच्या २००४ च्या नियमांनी ती करण्याचं काम गावच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे दिलं. तुमच्या गावाची वही बहुधा झालेली असेल. ग्रामपंचायतीत मागा आणि वाचा. हरित लवादाने २०१९ मध्ये मुदत घालून दिल्यावर देशभर घाईने वह्या भरल्या गेल्या. शेजारच्या गावाची यादी जशीच्या तशी उतरवलेली दिसली, तर ग्रामसभेत ठराव करून नव्याने सुरुवात करा.

एका फेरीत वही होत नाही. चैत्र-वैशाखात मोह, चारोळी, टेंभुर्णीची पानं. पावसाळ्यात करटोलीसारख्या रानभाज्या आणि मासे. गवतं मात्र पावसाळा सरता सरता, तुरे आल्यावरच बघा. पवन्या, मारवेल, कुसळी उन्हाळ्यात ओळखू येत नाहीत, आणि उन्हाळ्यात भरलेल्या वहीत चराईचं पान कोरं राहतं. शेतातली दादर ज्वारी, भरिताची वांगी यांचे वाणही लिहा: बी कोणाच्या घरी आहे, किती वर्षं राखलंय.

नाव आधी पावरी, भिली किंवा अहिराणीत, जसं बोलतात तसं. शास्त्रीय नाव नंतर, जाणकाराकडून तपासून. प्रत्येक नोंदीपुढे जागा, महिना, कोण गोळा करतं आणि पूर्वीपेक्षा वाढलं की घटलं, एवढं हवंच. सरपण, डिंक, भाजी आणणाऱ्या बायका बैठकीत नसतील तर निम्मी माहिती येतच नाही. त्यांच्या सवडीची वेळ धरा.

वैदूंच्या औषधाची कृती आणि प्रमाण मात्र त्यांच्या संमतीशिवाय लिहू नका. वनस्पतीचं नाव आणि जाणकार कोण, एवढ्यावर नोंद थांबवता येते. एकदा वही बाहेर गेली की ती माहिती परत घेता येत नाही.