तीन नावांच्या पलीकडचा सिद्धांत वर्गात कसा आणावा?

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गाला समाजशास्त्रीय सिद्धांत शिकवते. पंधरा आठवड्यांतला शेवटचा आठवडा 'पाश्चात्त्येतर विचारवंतां'ना दिला. विद्यार्थ्यांनी नावे आणि सनावळ्या पाठ केल्या, पण विश्लेषण करताना पुन्हा मार्क्स, वेबर, दुरखीम हे युरोपीय त्रिकूटच. कुठे चुकते?

उत्तर : शेवटच्या आठवड्यातच चुकते. तोवर सिद्धांत कशाला म्हणायचे हे विद्यार्थ्यांच्या मनात पक्के झालेले असते. नंतर येणारी माणसे मग आपापल्या प्रदेशाचे प्रतिनिधी होऊन बसतात. हा घटक काढून टाका आणि आठवडे प्रश्नांनुसार पाडा : समूह एकत्र कसा राहतो, गट बंद कसा होतो, सत्ता का झिजते. प्रत्येक प्रश्नाला दोन मूळ उतारे, प्रत्येकी दहाबारा पानांचे, पुरतात.

श्रमविभागणी वाढली की एकोपा कोणत्या रूपात टिकतो, हा दुरखीमचा प्रश्न. त्याच्या शेजारी अरब इतिहासकार इब्न खल्दून (१३३२–१४०६) ठेवा. एकोप्यातून सत्ता उभी राहते, मग तीच त्याला पोखरते ती कशी, हे तो 'मुकद्दिमा' या ग्रंथात (१३७७) दाखवतो. टोळीच्या घट्ट समूहनिष्ठेच्या, म्हणजे असबिय्याच्या, बळावर राज्य जिंकले जाते. राजाला सत्ता एकट्याला हवी असते, म्हणून तो भाऊबंदांना दूर सारून आश्रित आणि भाडोत्री सैनिक जवळ करतो. चैन वाढते, खर्च वाढतो, कर वाढतात. कर जड झाले की लोक उत्पादन कमी करतात आणि महसूलच घटतो. या कड्या फळ्यावर बाणांनी मांडून घ्या. 'तीन पिढ्या, प्रत्येकी ४० वर्षे' हा त्याचा ढोबळ हिशेब मुले नियम म्हणून पाठ करतात. तिथे अडवा आणि विचारा, कोणती कडी तुटली तर घराणे टिकेल?

गट बंद कसा होतो, या आठवड्यात वेबरच्या दर्जागटांबरोबर, म्हणजे मानप्रतिष्ठेवरून वेगळ्या पडलेल्या गटांबरोबर, डॉ. आंबेडकरांचा कोलंबिया विद्यापीठातला ९ मे १९१६ चा जातींवरचा निबंध वाचा. बहिर्विवाहावर (गोत्राबाहेर लग्न) अंतर्विवाह (गटातच लग्न) लादला गेला की जात घडते, असे ते मांडतात. मग गटात विवाहयोग्य स्त्री-पुरुषांची संख्या समान राखावी लागते. जोडीदार मेला की मागे राहणारी व्यक्ती अतिरिक्त ठरते : ती गटाबाहेर लग्न करील, नाहीतर गटातल्याच दुसऱ्या कुणाचा जोडीदार घेईल. सती, सक्तीचे वैधव्य आणि विधुराला लहान मुलगी, या तिन्ही रूढी त्यांनी याच एका कोड्यातून उलगडल्या आहेत. इतकी काटेकोर मांडणी फार थोड्या ठिकाणी सापडते.

आता हीच कल्पना युरोपातल्या राजघराण्यांना लावून पाहा. अविवाहित मुली मठात जात. जर्मन प्रदेशांत खालच्या दर्जाच्या स्त्रीशी लग्न झाल्यास मुलांना गादीचा हक्क नसे. अतिरिक्तांची सोय तिथेही करावीच लागली, फक्त निराळ्या मार्गाने. आजवर युरोपातली संकल्पना आणि बाकीच्या जगाचा तपशील, अशीच वाटणी होत आली आहे. एकदा हा प्रवास उलटा झाला की संकल्पना कुठे टिकते आणि कुठे तोकडी पडते, हे विद्यार्थी आपणहून शोधू लागतात.

प्रश्नपत्रिकाही बदला. 'इब्न खल्दून यांचे योगदान लिहा' असे विचारले की चरित्र आणि 'पहिला समाजशास्त्रज्ञ' एवढेच हाती येते. एखाद्या संस्थेची दोन परिच्छेदांत माहिती द्या आणि तिथे असबिय्याची कोणती अट पुरी होत नाही, ते विचारा.

प्रश्न : मग मार्क्स, वेबर कमी करायचे का?

उत्तर : गाळू नका. ते वाचल्याशिवाय तुलना उभीच राहत नाही. मात्र ही यादी कशी बनली, हे पहिल्याच तासिकेला सांगा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ टॅल्कट पार्सन्सने १९३७ च्या ग्रंथात मार्शल, पारेतो, दुरखीम आणि वेबर हे चौघे केंद्रस्थानी ठेवले होते. त्यांत मार्क्स नव्हता. आजचे त्रिकूट त्यानंतर रूढ झाले. समाजाचे निरीक्षण कसे करावे यावर इंग्रज लेखिका हॅरिएट मार्टिनोचे पुस्तक १८३८ चे आहे, तर दुरखीमचे पद्धतिशास्त्र १८९५ चे. दोन्हींतला एकेक उतारा त्याच तासिकेला वाटून, मार्टिनो यादीत का नाही, यावर चर्चा घ्या.