वाचकांचे प्रश्न : मंगळावर राहायचं तर

प्रश्न : मंगळाच्या हवेतून ऑक्सिजन काढून झाला आहे. म्हणजे श्वासाचा प्रश्न मिटला ना?

उत्तर : रीत जमली, पुरवठा अजून दूर आहे. मंगळावर फिरणाऱ्या नासाच्या पर्सिव्हरन्स गाडीवरच्या ‘मॉक्सी’ यंत्राने २०२१ ते २०२३ या काळात १६ वेळा चालून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन काढला. एका माणसाला दिवसाला सुमारे ८४० ग्रॅम लागतो. सगळी कमाई एकट्याला साडेतीन तास पुरली असती.

मंगळाची हवा ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडची, पण अतिविरळ. ती आधी गाळून धूळ काढायची, मग दाबून ८०० अंश सेल्सिअसला तापवलेल्या सिरॅमिकच्या विद्युतघटांत सोडायची. वीज लावली की ऑक्सिजनचे आयन (विद्युतभारित अणू) सिरॅमिकमधून पलीकडे जातात, अलीकडे कार्बन मोनॉक्साइड उरतो. हाव इथेच नडते. जास्त ऑक्सिजनसाठी व्होल्टेज वाढवलं की कार्बन मोनॉक्साइडही फुटतो, इलेक्ट्रोडवर काजळी धरते आणि घट कायमचा खराब होतो. शिवाय दर वेळी तापवणं आणि थंड करणं सिरॅमिकला सोसत नाही, त्यामुळे खरं यंत्र अखंड चालवावं लागेल आणि विजेत खंड पडून चालणार नाही.

आणखी एक हिशेब सहसा सांगितला जात नाही. चौघांना वर्षभर श्वासाला सव्वा टन ऑक्सिजन पुरतो, पण त्यांना तिथून परत उडायला रॉकेटमध्ये इंधन जाळण्यासाठी साधारण २५ टन लागतो. यंत्राचा आकार फुप्फुसं ठरवत नाहीत, रॉकेट ठरवतं.

प्रश्न : अंतराळ स्थानकात ९८ टक्के पाणी परत मिळवतात. मग थोडंसं पाणी नेलं तरी भागेल का?

उत्तर : पाण्यापुरतं पाहिलं तर भागेल. माणशी रोज ३.८ लिटर धरलं, तर चौघांमागे २ टक्के तूट दिवसाला ०.३ लिटरची. ५०० दिवसांत सुमारे दीडशे लिटर. वजन वाढतं ते यंत्रांच्या सुट्या भागांनी.

स्थानकात लघवी फिरत्या पिंपात कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित करतात, म्हणजे तिची वाफ करून पुन्हा पाणी करतात. ती कुजू नये म्हणून सुरुवातीला तिच्यात सल्फ्युरिक आम्ल मिसळलं जाई. वजनरहित अवस्थेत हाडं झिजतात, त्यांचं कॅल्शियम लघवीत उतरतं. आम्लातलं सल्फेट आणि हे कॅल्शियम एकत्र आलं, पाणी उडत गेलं तसं द्रावण दाट झालं आणि यंत्रात कॅल्शियम सल्फेटचे खडे जमले. जमिनीवरच्या चाचण्यांत हे लक्षात आलं नव्हतं, कारण तिथे लघवी देणाऱ्यांची हाडं झिजत नव्हती! मग पाणी काढायचं प्रमाण ८५ टक्क्यांवरून खाली आणलं आणि पुढे फॉस्फोरिक आम्ल वापरायला घेतलं. स्थानकावर बदली भाग मालवाहू यानाने पोचतो. मंगळाकडे जायची सोयीची वेळ २६ महिन्यांनी येते आणि प्रवासाला सहा-नऊ महिने लागतात, म्हणून असे भाग आधीपासून जोडीने न्यायचे.

प्रश्न : किरणोत्सर्ग टाळायला घर मातीखाली गाडायचं म्हणतात. मातीच्या वजनाने छत खचणार नाही?

उत्तर : आत हवा असेपर्यंत उलटंच होईल, छत वर उचललं जाईल. आत पृथ्वीइतका दाब ठेवला तर दर चौरस मीटरवर सुमारे १० टनांचा जोर बाहेरच्या दिशेने पडतो. बाहेरचा दाब आपल्या एक टक्काही नाही. तीन मीटर मातीचा थर म्हणजे चौरस मीटरला साडेचार टन, पण तिथल्या ३८ टक्के गुरुत्वाकर्षणात तो पृथ्वीवरच्या १.७ टनांएवढाच भार देतो. म्हणून सपाट भिंती, काटकोन नकोत. दंडगोल किंवा घुमट हवा. दाब निम्म्यावर आणून ऑक्सिजनचं प्रमाण ३४ टक्के केलं तर भिंतींवरचा ताण घटतो, मात्र आग झपाट्याने पसरते.

आणि गळती होऊन हवा गेली, तर तोच १.७ टनांचा भार छतावर येतो. त्यामुळे फुगवून उभ्या केलेल्या घरालाही आतून सांगाडा लागतोच. माती मात्र टाळू नये. क्युरिऑसिटी गाडीने पृष्ठभागावर मोजलेला किरणोत्सर्गाचा मारा दिवसाला सुमारे ०.६७ मिलिसिव्हर्ट (शरीरावरच्या किरणोत्सर्गाचं माप) आहे. पृथ्वीवर निसर्गतः वर्षभरात सरासरी २.४ मिळतो.

प्रश्न : मंगळाच्या मातीत भाजी पिकेल?

उत्तर : थेट नाही. २००८ मध्ये फिनिक्स यानाला तिथल्या मातीत परक्लोरेट क्षार सापडले, साधारण अर्धा ते एक टक्का. ते थायरॉइडला बाधतात आणि झाडं ते पानांत साठवतात. पाण्यात चटकन विरघळतात, म्हणून माती धुता येते. पण धुवण पिण्याच्या पाण्याच्या चक्रात जाऊ द्यायचं नाही. परक्लोरेट फोडणारे जिवाणू आहेत, त्यांच्या टाकीतून ते आधी काढावं. सुरुवातीची पिकं मातीविना, पोषकद्रव्यं घातलेल्या पाण्यावरच घेणं बरं.