विक्रेता म्हणतो, साइट सोडून बाहेरून पैसे पाठवा

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. इंग्लंडमधल्या विक्रेत्याकडून होळकर संस्थानाच्या टपाल तिकिटांचा लॉट तुम्ही ईबे या लिलाव साइटवर ६८ पौंडांना जिंकला. यूपीआय तिथे चालत नाही, डेबिट कार्ड दोनदा नाकारलं गेलं. आता विक्रेता म्हणतो, साइटवरून नको, वेस्टर्न युनियन या रोकड पोचवणाऱ्या सेवेने पाठवा, १० टक्के कमी घेतो. आणि तुम्ही विचारता, पैसे माझे, तर ते कसे द्यायचे हे साइटने का ठरवावं?

आधी एवढंच ऐका: त्याला बाहेरून एक रुपयाही पाठवू नका.

मी नागपुरात धरमपेठेत राहतो, तिकिटं जमवायला लागून बरीच वर्षं झाली. २०११ साली अशाच एका विक्रेत्याने मला लिलावाबाहेर ‘थेट भाव’ दिला होता. बर्डीवरच्या एका बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवायचा ए-२ फॉर्म भरला आणि त्याच्या खात्यावर १४० डॉलर पाठवले. पाच आठवड्यांनी पाकीट आलं. जाड पुठ्ठा, व्यवस्थित चिकटपट्टी, आणि आत चौपदरी घडी केलेला वर्तमानपत्राचा कागद. तिकीट एकही नाही. साइटने कळवलं की हा व्यवहार आमच्याकडे नोंदलेलाच नाही. बँकेतला माणूस फॉर्म पुढे सरकवून म्हणाला, ‘सही तर तुमचीच आहे ना जी?’ सही माझीच होती. पाकीट आजही कपाटात आहे, नव्या मंडळींना दाखवायला.

रोकड पोचवणाऱ्या सेवांवर लिलाव साइट बंदी घालतात ती याच कारणाने. पलीकडचा माणूस नंबर सांगून काउंटरवरून नोटा उचलतो आणि निघून जातो. मग परत मागायचे कोणाकडे? साइटवरून कार्डाने भरलेले पैसे मात्र मागे आणता येतात. वस्तू आली नाही किंवा वर्णनापेक्षा वेगळी निघाली, तर ईबेच्या हमीखाली दाद मागता येते. ती मागायची मुदत वस्तू मिळाल्यापासून किंवा मिळण्याच्या अपेक्षित तारखेपासून ३० दिवस असते. साइटबाहेर पैसे दिले की ही हमी लागू होत नाही. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेतल्या ‘फ्रेंड्स अँड फॅमिली’ प्रकाराचंही तसंच. तो नातलगांना पैसे पाठवण्यासाठी आहे, खरेदीचं संरक्षण त्यावर नाही. उद्या विक्रेता वेस्टर्न युनियन सोडून ते मागेल, तेव्हा हे लक्षात ठेवा.

शिवाय आपल्याकडे वेस्टर्न युनियनसारख्या सेवा रिझर्व्ह बँकेच्या ज्या एमटीएसएस योजनेत चालतात, ती फक्त बाहेरून भारतात येणाऱ्या वैयक्तिक पैशांसाठी आहे. इथून मालाचे पैसे पाठवायला ती नाहीच.

तुमचा राग मात्र अगदीच अनाठायी नाही. ईबेने २००२ साली पेपॅल विकत घेतलं, २००८ मध्ये अमेरिकेत चेक आणि मनीऑर्डर जवळपास बंद केल्या. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जवळजवळ फक्त पेपॅलच चालेल असं ठरवायला गेले, तर तिथल्या स्पर्धा आयोगाने हरकत घेतली आणि त्यांना माघार घ्यावी लागली. म्हणजे काही बंधनांत ग्राहकाची काळजी असते, तर काहींत कंपनीचा गल्ला. पुढे २०१५ मध्ये दोन्ही कंपन्या वेगळ्या झाल्या. आपल्याकडे ईबे इंडियावर ‘पैसापे’ होतं. त्यात पैसे आधी मध्यस्थाकडे थांबत आणि मग विक्रेत्याला मिळत. २०१८ मध्ये ती साइटच बंद झाली. मला ती पद्धत आजही सगळ्यात न्याय्य वाटते.

आता तुमचं कार्ड. बहुधा त्यात बिघाड काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानंतर नवीन कार्डावर परदेशी आणि ऑनलाइन वापर मुळात बंदच असतो, तो आपण चालू करायचा असतो. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये ‘इंटरनॅशनल’ आणि ‘ऑनलाइन’ अशी दोन बटणं वेगवेगळी असतात. बहुतेक जण पहिलं दाबतात आणि दुसरं विसरतात. मर्यादा ६८ पौंडांपेक्षा थोडी जास्त ठेवा, कारण टपालखर्च आणि बँकेचं चलन-बदलाचं शुल्क वर लागतं. पैसे गेले की लगेच ‘इंटरनॅशनल’ बंद करा. पुष्कळ परदेशी साइट ओटीपी मागतच नाहीत, कार्डावरचे तपशील मिळाले की पैसे वळते होतात. आणि नुसतं रुपे डेबिट कार्ड असेल तर वेळ घालवू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड वापरा.

विक्रेत्याला उत्तर साइटच्या निरोपपेटीतूनच द्या: पैसे साइटवरूनच भरतो. त्याचा ‘दहा टक्के कमी’ वाला निरोप पुसू नका, तिथूनच साइटकडे तक्रार करा. सच्चा माणूस असेल तर तो मुकाट्याने मान्य करेल.

आणि हे आज रात्रीच उरका. लिलाव जिंकून चार दिवस पैसे भरले नाहीत की विक्रेत्याला सौदा रद्द करता येतो, आणि होळकरांचा लॉट या भावात रोज निघत नाही. कार्ड तरीही नाकारलं तर पडद्यावर आलेला संदेश शब्दशः इथे लिहा. कार्डाचा नंबर मात्र लिहू नका.