जगात ट्रान्सफॉर्मरचा तुटवडा आहे म्हणून आमच्या शेतातली डीपी येत नाही, हे कितपत खरं?

तुम्ही लिहिलंय की चोपडा तालुक्यात नव्या कनेक्शनचं डिमांड, म्हणजे वीज कंपनीने मागितलेले पैसे, भरून 14 महिने झाले, डीपीचा (शेतातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरचा) पत्ता नाही, आणि ऑफिसात विचारलं तर उत्तर मिळालं, "भाऊ, जगभर ट्रान्सफॉर्मर मिळत नाहीत, अमेरिका रांगेत उभी आहे." हे खरं की टोलवाटोलवी?

अमेरिकेचं खरं आहे. तुमच्या डीपीचं नाही.

मी जळगावात जळक्या डीपी दुरुस्त करतो. टाकी उघडायची, काळी ठिक्कर पडलेली कॉइल कापून काढायची, नवी गुंडाळायची, ओव्हनमध्ये वाळवायची, तेल भरून टेस्टिंग करून परत पाठवायची. बावीस वर्षं हेच चाललंय. त्यामुळे पत्रा, तार, तेल, कागद यातलं काय कधी महागलं आणि काय कधी गायब झालं, ते पेपरात यायच्या आधी आमच्या खिशाला कळतं.

आधी जगाचं सांगतो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2025 च्या अहवालात आहे की मोठ्या पॉवर ट्रान्सफॉर्मरसाठी आता चार वर्षांपर्यंत थांबावं लागतं आणि केबलसाठी दोन ते तीन वर्षं. 2019 च्या तुलनेत ट्रान्सफॉर्मरची किंमत 75 टक्क्यांच्या आसपास वाढलीय. हे आकडे खोटे नाहीत. पण ते कोणत्या ट्रान्सफॉर्मरचे, ते ऑफिसातल्या साहेबांनी सांगितलं नाही. तुमच्या बांधावर येणार ती 63 किंवा 100 केव्हीएची डीपी (केव्हीए हे ट्रान्सफॉर्मरच्या ताकदीचं माप, हजार केव्हीए म्हणजे एक एमव्हीए). धुळ्याजवळ 765 केव्हीचं उपकेंद्र आहे, तसल्या ठिकाणी बसतो तो 1500 एमव्हीएचा संच, म्हणजे 500-500 च्या तीन टाक्या. तुमच्या डीपीच्या पंधरा हजार पट. दोघांना नाव एकच, ट्रान्सफॉर्मर. तसं बघितलं तर मोपेड आणि मालगाडी, दोन्ही वाहनंच.

मोठ्याला वेळ का लागतो? पहिली अडचण पत्र्याची. आतला कोर साध्या लोखंडाचा नसतो, सिलिकॉन घातलेल्या खास पोलादाचा असतो. त्याला सीआरजीओ म्हणतात. पोस्टकार्डाएवढा पातळ पत्रा, त्यातले कण एकाच दिशेला लावलेले. हा बनवणाऱ्या गिरण्या जगात बोटावर मोजण्याइतक्या. भारताला लागणारा बहुतेक माल बाहेरून येतो, तोही बीआयएसचा, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचा, शिक्का असलेल्या गिरणीतूनच आणता येतो. शेजारी नाशिकला एक कारखाना आहे. तो आधी जर्मन कंपनीचा होता, आता जेएसडब्ल्यू आणि जपानच्या जेएफईने मिळून घेतलाय. पण देशाची भूक त्याच्या कितीतरी पुढे गेलीय. पत्र्याची टंचाई झाली की बाजारात काय होतं, ते आम्हाला विचारा. भंगारातल्या कोरचा पत्रा कापून-पुसून नवा म्हणून गळ्यात मारणारे लगेच उगवतात. तो घातलेली डीपी रिकामी उभी असली तरी गरम होते.

पत्र्यानंतर बुशिंग (तार टाकीबाहेर काढायची चिनी मातीची नळी), टॅप चेंजर (व्होल्टेज कमी-जास्त करायचा स्विच) आणि इन्सुलेशनचा जाड पुठ्ठा. यांचेही बनवणारे थोडेच. मग शॉर्ट सर्किट टेस्ट. ती करण्याची सोय भोपाळ, बंगळुरूसारख्या मोजक्या ठिकाणी, तिथेही नंबर लावायचा. गुंडाळणारा कारागीर तर मशीनसारखा ऑर्डर देऊन आणता येत नाही. माझ्याकडचा पोरगा एकटा कॉइल गुंडाळायला लागला तोवर दीड वर्ष गेलं, आणि ते 100 केव्हीएचं काम. कारखानदार क्षमता का वाढवत नाहीत, असं लोक विचारतात. वाढवतायत आता, पण जपून. मागच्या दशकात याच धंद्यात ऑर्डरी आटल्या होत्या, शेड रिकामे पडले होते. दुधाने तोंड पोळलंय.

आणि मागणी एकदम का उसळली? डेटा सेंटर, एसी, इलेक्ट्रिक गाड्या हे सगळे सांगतात. सौरऊर्जेचं मात्र सहसा कुणी सांगत नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळशावरचं वीज केंद्र आहे, तिथल्या 500 मेगावॅटच्या संचाची वीज एकाच ठिकाणी वर चढवून लाइनीत सोडतात. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला 125 मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे, तसल्या ठिकाणी इन्व्हर्टरपाशी छोटे छोटे ट्रान्सफॉर्मर लागतात, पुढे सगळी वीज गोळा करून लाइनीत चढवायला आणखी मोठे. शिवाय ऊन दिवसाच. वर्षाचा हिशोब केला तर सौर प्रकल्प त्याच्या क्षमतेच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाएवढीच वीज देतो, पण ट्रान्सफॉर्मर मात्र भर दुपारच्या ताकदीचा बसवावा लागतो. तेवढ्याच युनिटला कोळशापेक्षा कितीतरी जास्त लोखंड आणि तार. सौरच्या विरोधात नाही मी, माझ्या शेडवरही पॅनल आहेत. पण हा हिशोब आधी मांडायला हवा होता. केंद्राच्या ऑक्टोबर 2024 च्या पारेषण आराखड्यात 2032 पर्यंत 9 लाख 15 हजार कोटी रुपयांची कामं आहेत. पैसा ठरला, पण रांगेत पैसा चालत नाही.

आता तुमची डीपी. तिलाही तोच पत्रा लागतो, त्यामुळे महागाई तिच्यापर्यंत पोचलीय, हे कबूल. पण माल नाही, असं नाही. माझ्या ओळखीचे कंत्राटदार डीडीएफमध्ये, म्हणजे शेतकऱ्याच्या स्वतःच्या खर्चाने कामं करतात. त्यांना 100 ची डीपी काही आठवड्यांत मिळते. रोख मोजणाऱ्याला मिळते आणि डिमांड भरून बसलेल्याला मिळत नाही, तर अडलंय ते कारखान्यात नाही, कागदात. तुमचं काम कोणत्या योजनेत बसवलं, इस्टिमेट मंजूर आहे का, कंत्राटदाराला वर्क ऑर्डर गेली का, हे तीन प्रश्न लेखी अर्जात विचारा. तोंडी विचाराल तर परत अमेरिकाच ऐकायला मिळेल.

एकच शक्यता साहेबांच्या बाजूने सांगतो. तुमच्या 33/11 च्या उपकेंद्रातला (33 हजार व्होल्टची वीज 11 हजारावर आणून गावाकडे सोडतात ते) 5 एमव्हीएचा ट्रान्सफॉर्मर भरलेला असेल तर नवी डीपी जोडून उपयोग नाही, आधी तो वाढवावा लागेल. त्याला खरंच महिने जातात. तसं असेल तर तेही लेखी द्यायला सांगा.

सौर पंप घेऊन मोकळे व्हा, असंही तुम्हाला सांगितलं असेलच. विहीर असेल, पाणी वर असेल तर घ्या. यावल-रावेर पट्ट्यासारखं पाणी खोल गेलेलं असेल तर 7.5 हॉर्सपॉवरमध्ये केळी जगवायचं गणित आधी मांडून बघा.

तोवर शेजारच्या जुन्या डीपीवर मोटार चालवत असाल तर हे वाचा. 100 ची डीपी 5 हॉर्सपॉवरच्या 16-17 मोटारींना पुरते. माझ्याकडे येतात त्यांच्यावर 25-30 असतात, किटकॅटमध्ये (फ्यूजच्या खोबणीत) फ्यूजऐवजी जाड तार, ब्रीदरमधली (हवेतली ओल शोषणाऱ्या डबीतली) सिलिका जेल ओल खाऊन गुलाबी पडलेली, तेल अर्धं चोरीला गेलेलं. त्यात मे महिन्यातलं भुसावळचं ऊन. आतला कागद 6-7 अंशांनी जास्त तापला की त्याचं आयुष्य निम्मं होतं. सगळ्यात वाईट ऑटो स्विच. लाइट आली की पंचवीस मोटारी एका सेकंदात दणका देतात आणि दुसऱ्या दिवशी मला फोन, "भाऊ, डीपी जयी गयी," म्हणजे जळाली.

अमळनेरकडच्या एका गावात एकाच डीपीवरच्या सतरा जणांनी बसून ठरवलं. ऑटो स्विच काढले, ज्यांना रात्री शेतात जाणं जमत नाही त्यांनी टायमरचे स्टार्टर लावले, प्रत्येकाचा मिनिटाचा फरक. सगळ्यांनी कपॅसिटर बसवले. तीन रब्बी झाल्या, ती डीपी माझ्याकडे आलेली नाही. तिथून येणारं माझं वर्षाचं एक बिल गेलं, ते वेगळं.