रायझन ५ ३६०० आणि जीटीएक्स १६६० सुपर: आधी प्रोसेसर बदलू की ग्राफिक्स कार्ड? (बी४५० मदरबोर्ड, ४५० वॉट पॉवर सप्लाय)

आधी मोजून बघा. गेम चालू असताना जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा) वापर ९५ टक्क्यांच्या वर राहत असेल, तर कार्ड बदला. तो ६०-७० टक्क्यांवर रेंगाळत असेल आणि फ्रेम-लिमिट आणि व्ही-सिंक (फ्रेम्सचा वेग अडवून धरणाऱ्या सेटिंग्ज) दोन्ही बंद असतील, तर प्रोसेसर कमी पडतोय. सीपीयूचा (प्रोसेसरचा) एकूण आकडा बघून फसू नका. एकच कोअर पूर्ण भरला तरी एकूण वापर ४० टक्केच दिसू शकतो.

प्रोसेसर बदलायचा तर बोर्ड तोच ठेवा, रायझन ७ ५७००एक्स३डी हा प्रोसेसर त्यावर बसतो. मात्र बायोसचं (बोर्डच्या मूळ सॉफ्टवेअरचं) अपडेट जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करा. नंतर आठवलं तर स्क्रीन काळी, आणि जुना परत बसवायचा खटाटोप.

कार्ड घेताना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. बी४५० वर पीसीआयई ३.० (कार्ड आणि बोर्ड यांना जोडणारी वाट, जुनी पिढी) आहे आणि आरटीएक्स ४०६० सारखी कार्डं तिच्या १६ पैकी फक्त ८ लेन वापरतात. कार्डावरची ८ जीबी मेमरी (व्हीरॅम) भरली की डेटा त्याच अरुंद वाटेने ये-जा करतो आणि गेम अडखळतो. म्हणून माझं मत १६ लेन आणि १२ जीबीवाल्या कार्डाला.

४०६० ला चांगला ४५० वॉटचा पॉवर सप्लाय पुरतो. त्याहून मोठ्या कार्डाला किमान ६५० घ्या. मॉड्युलर (केबल्स सुट्या होणारा) सप्लाय बदललात तर जुन्या केबल्स अजिबात वापरू नका. पिनांची मांडणी वेगळी असू शकते, डिस्क जळू शकते.

रॅमचं एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी बायोसमधली सेटिंग) चालू आहे ना, तेही बघा. ते फुकट आहे.