लेकीला मुलांच्या टीममध्ये घालू का? न्यू जर्सीहून एक उत्तर

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. येत्या जुलैत तुम्ही अमेरिकेत येताय. लेक अकरा वर्षांची, चार वर्षं मुलांबरोबरच फुटबॉल खेळतेय आणि त्यांच्यात उजवी ठरतेय. इथे तिला मुलांच्या टीममध्ये घेतील का, आणि घेतलं तरी खेळवावं का, असं तुम्ही विचारलंय. पहिल्या प्रश्नाचं उत्तर नियमांत सापडतं, दुसऱ्याचं नाही. आम्हाला इथे सोळा वर्षं झाली आणि आमची धाकटी तीन वर्षं मुलांच्या टीममध्ये खेळली, म्हणून दोन्हींबद्दल सांगतो. थोडं लांबेल.

आधी शब्द बदला. इथे फुटबॉल म्हटलं की लोकांना हेल्मेट आणि खांद्यावरची पॅडं दिसतात. तुमच्या लेकीचा खेळ तो सॉकर. कोचला ईमेल करताना चुकून फुटबॉल लिहिलंत तर उत्तर भलतंच येईल.

आता नियम. १९७२ साली इथे 'टायटल नाइन' नावाचा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, हा त्याचा गाभा. त्याआधी अख्ख्या देशात हायस्कूलच्या खेळांत जेमतेम २ लाख ९४ हजार मुली होत्या, आज ३० लाखांहून जास्त आहेत. पण १९७५ साली त्याचे तपशीलवार नियम आले त्यात एक मेख आहे. शाळेत एखाद्या खेळाची फक्त मुलांचीच टीम असेल आणि मुलींना आजवर संधी कमी मिळाली असेल, तर मुलीला निवड चाचणीला येऊ द्यावं लागतं. मात्र तो खेळ अंगाला अंग भिडणारा असेल तर ही सक्ती नाही. त्या यादीत कुस्ती, बॉक्सिंग, रग्बी, आइस हॉकी, फुटबॉल, बास्केटबॉल ही नावं आहेत, आणि शेवटी 'असे इतर खेळ' अशी शेपटी जोडलेली. सॉकरचं नाव नाही, ते त्या शेपटीत धरायचं की नाही यावर वाद घालता येतो. १९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका मुलीला शाळेनं मुलांच्या सॉकर टीममधून काढलं, कारण काय तर इजा होईल. मुलींची टीम तर शाळेत नव्हतीच. कोर्टानं शाळेला सांगितलं की मुलींची टीम काढा, नाहीतर हिला घ्या, नाहीतर कुणालाच खेळवू नका.

तुमच्या बाबतीत अडचण उलटी येईल. आता बहुतेक हायस्कूलना मुलींची सॉकर टीम असते. म्हणजे 'तुझ्यासाठी टीम आहे, तिकडे जा' असं शाळा म्हणू शकते, आणि कोर्टं सहसा शाळेच्या बाजूनं उभी राहिली आहेत. नेमका तुमच्यासारखाच प्रश्न १९८० साली इलिनॉयमधून सर्वोच्च न्यायालयाच्या दारापर्यंत गेला होता. सहावीतली मुलगी, बास्केटबॉलमध्ये इतकी तयार की मुलींच्या टीममध्ये तिला जोडच मिळेना. मुलांच्या टीमच्या चाचणीला तरी येऊ द्या, एवढंच तिचं मागणं. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी तातडीचा आदेश द्यायला नकार दिला. त्यांचा मुद्दा असा की भिंत पाडली तर ती दोन्ही बाजूंनी पडेल, आणि मग मुलं मुलींच्या टीम बळकावतील. तो मुद्दा अगदीच हवेतला नव्हता. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या समानतेच्या कलमामुळे १९७९ पासून मुलांनाही मुलींच्या टीमचं दार उघडं आहे. तिथे मुलांची फील्ड हॉकी टीम नसते, म्हणून काही मुलगे मुलींच्या टीममधून खेळतात आणि दर मोसमाला त्यावरून भांडणं होतात.

क्लबांचं जग वेगळं. अकराव्या-बाराव्या वर्षी मुलं शाळेपेक्षा गावच्या क्लबातूनच जास्त खेळतात. नियम लीगगणिक वेगळे, पण साधारण रीत अशी की मुलींची टीम फक्त मुलींची, आणि 'मुलांची' म्हणतात ती खरं तर सगळ्यांची. तेव्हा घेतील का, याचं उत्तर क्लबात बहुतेक हो, शाळेत बहुतेक नाही.

आता दुसरा प्रश्न. इथे मी वकिलाची टोपी काढून बापाची घालतो.

आमची धाकटी नऊ वर्षांची असताना मुलींच्या टीममध्ये कंटाळायला लागली. बॉल हिच्याकडे आला की ही एकटीच घेऊन जायची आणि गोल मारून परत यायची. मुलांच्या कोचनं बोलावलं, आम्ही लगेच हो म्हटलं. पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं, यात शंका नाही. पास लवकर द्यायला शिकली, कारण थांबलं की कुणीतरी पायातून बॉल काढून न्यायचा. मीही हवेत होतो. चारचौघांत विषय निघो न निघो, 'आमची मुलांत खेळते' हे वाक्य मी कुठेतरी घुसवायचोच. हे आज लिहिताना कान तापतात, पण लिहायला हवं. तुमच्या प्रश्नातही 'मुलांपेक्षा भारी' हे शब्द तीनदा आलेत.

तिसऱ्या वर्षीची एक मॅच सांगतो. दोन्ही टीम निळ्या जर्सीत आल्या. हाफटाइमला रेफ्रीनं आमच्या पोरांना पांढऱ्या घालायला सांगितल्या. पोरांनी जागच्या जागी निळे शर्ट ओढून काढले, पांढरे चढवले, अर्ध्या मिनिटात सगळे कोचभोवती गोल करून बसले. ही तोवर पार्किंगकडे पळत होती. मैदानाच्या कडेला कपडे बदलायला जागा नसते, प्लॅस्टिकचं एक फिरतं स्वच्छतागृह असतं आणि त्याला रांग. गाडीला कुलूप आणि किल्ली माझ्या खिशात, मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. मी धापा टाकत पोचलो, तिनं खिडकीला टॉवेल लावून जर्सी बदलली आणि परत पळत गेली, तेव्हा शिट्टी वाजतच होती. मधल्या वेळात कोचनं कुणी कुणाला धरायचं ते बदललं होतं. तिसऱ्याच मिनिटाला समोरचा विंगर, म्हणजे कडेनं हल्ला चढवणारा खेळाडू, हिच्या बाजूनं मोकळा सुटला आणि गोल झाला. कोच ओरडला, आत्ताच सांगितलं ना! ही काही बोलली नाही. मीही बोललो नाही, कारण पालकांनी कडेवरून बोलायचं नसतं असा क्लबचा नियम होता आणि तो मी त्या दिवशी फार इमानदारीनं पाळला.

कोच वाईट नव्हता. त्याच्या लक्षातच आलं नाही. बारा जणांत एक वेगळी असली की तिच्या अडचणी कुणाच्या लक्षात यायला वेळ लागतो, आणि तोवर तिला त्या सांगायची लाज वाटायला लागलेली असते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची, आणि ती मला उशिरा दिसली. बाराव्या वर्षापासून पोरं झपाट्यानं वाढायला लागली. त्याआधी मुलगे आणि मुली यांच्यात ताकदीचा, वेगाचा फरक फार नसतो. उलट मुली आधी वाढतात, त्यामुळे अकराव्या वर्षी मुलीच उंच असतात. तुमची लेक आज उजवी आहे त्यात तिचं कौशल्य आहेच, पण थोडा वाटा या वयाचाही असेल. पुढे मुलग्यांच्या अंगात टेस्टोस्टेरॉन चढतं आणि चित्र पालटतं. मोठेपणी पळण्या-पोहण्यात अव्वल पुरुष आणि अव्वल स्त्रिया यांच्यात साधारण १० ते १२ टक्क्यांचं अंतर राहतं, उड्यांमध्ये त्याहून जास्त. हे काही मेहनतीनं भरून काढायचं अंतर नव्हे.

मग कोच काय करतो? मुलीला टीममधून काढत नाही, मागे नेतो. आमची विंगवरची पोर राइट बॅकला, म्हणजे मागे उजवीकडे बचावाला गेली. बॉल मिळाला की जवळच्या मुलाला द्यायचा, एवढं काम. एका मॅचच्या पहिल्या हाफमध्ये मी दुकानाच्या पावतीमागे पेन्सिलीनं रेघा मारल्या. तिच्या पायाला बॉल अकरा वेळा लागला, त्यातले चार थ्रो-इनवरून. पस्तीस मिनिटांत अकरा. घरी आल्यावर ती म्हणाली, आज चुकले नाही एकदाही. खरं होतं, चुकण्याजोगं काही करायला मिळालंच नव्हतं.

त्या उन्हाळ्यात आम्ही तिला मुलींच्या टीममध्ये परत घातलं. पहिले दोन महिने वाईट गेले. इथे सगळं हळू आहे, अशी कुरकुर रोज रात्री. बाकीच्या आयांनाही ती फारशी नको होती. आमची टीम तुम्हाला कमी वाटली होती ना, हे तोंडावर कुणी बोललं नाही, पण वागण्यात दिसायचं. खरं सांगायचं तर त्यांचा राग रास्त होता. धाकटी गेली तेव्हा तिच्यामागून आणखी दोघी मुलांकडे गेल्या आणि पुढच्या एका मोसमापुरती गावची मुलींची टीम उभीच राहिली नाही. स्टीव्हन्सना भीती मुलग्यांची होती. आमच्याकडे मात्र टीम मोडली ती मुलीच निघून गेल्यामुळे. हे तुमच्या लेकीच्या डोक्यावरचं ओझं नव्हे, पण घडतं असं.

मग हळूहळू बॉल सगळा तिच्याकडून जायला लागला. मोजायची गरज उरली नाही. ओरडून जागा सांगायला लागली, फ्री-किक मारायला लागली आणि चुकायलाही लागली, भरपूर.

मुलांशी खेळणं मात्र आम्ही सोडवलं नाही. मॅचेस मुलींत, आणि आठवड्यातून एक-दोन दिवस सराव मुलांबरोबर. ही काही आमची शक्कल नाही. इथल्या कॉलेजांच्या महिला बास्केटबॉल टीम सरावाला पुरुष खेळाडू ठेवतात, अगदी रोजच्या रोज. एप्रिल २०१७ मध्ये अमेरिकेच्या महिला सॉकर संघानं, म्हणजे तेव्हाच्या जगज्जेत्यांनी, डॅलसच्या १५ वर्षांखालील मुलांशी सरावाची मॅच खेळली आणि ५-२ अशी हरली. लोक अजून तो निकाल बायकांना हिणवायला वापरतात. मला त्यातून दिसतं ते एवढंच की जगातल्या सर्वांत तयार बायकाही वेगवान पायांवर घासून घेतात, आणि विश्वचषक मात्र बायकांत खेळतात.

याला अपवाद आहेत. तुमच्या नव्या गावात मुलींची टीम नसेल किंवा नावापुरती असेल, तर बिनदिक्कत मुलांत घाला, निदान बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत. आणि खेळ बदलला तर उत्तर बदलतं. बेसबॉल घ्या. आमच्यापासून जवळच हॉबोकेन आहे. तिथे १९७२ मध्ये मरिया पेपे नावाची बारा वर्षांची पोर लिटल लीगच्या, म्हणजे लहान मुलांचं बेसबॉल चालवणाऱ्या संघटनेच्या, टीममध्ये मुलांत तीन मॅच खेळली आणि लिटल लीगनं गावाची मान्यताच काढायची धमकी दिली. खटला ती जिंकली. १९७४ साली देशभर मुलींना दार उघडलं, पण तोवर तिचं वय उलटून गेलं होतं. चाळीस वर्षांनी, २०१४ मध्ये, त्याच लिटल लीगच्या वर्ल्ड सिरीजमध्ये मोने डेव्हिस या मुलीनं एका मॅचमध्ये मुलांना एकही रन करू दिली नाही. (नाव ऐकून आपल्यातलीच कुणी वाटते, पण ती फिलाडेल्फियाची.) पुढे कॉलेजात ती काय खेळली? सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारखाच पण मोठ्या बॉलनं खेळायचा खेळ. मुलींना मोठेपणी बेसबॉल खेळायला तेव्हा जागाच नव्हती. सॉकरमध्ये मुलींसाठी कॉलेज, शिष्यवृत्त्या, व्यावसायिक लीग, सगळं आहे, आणि कॉलेजचे कोच खेळाडू बघायला येतात ते मुलींच्या स्पर्धांना. चौदाव्या वर्षीही मुलांच्या टीममध्ये राइट बॅकला उभी असलेली तुमची लेक त्यांना दिसणारच नाही.

कुस्तीतही पूर्वी मुलांशिवाय पर्याय नव्हता. आता चाळीसहून अधिक राज्यांत हायस्कूलच्या मुलींच्या वेगळ्या स्पर्धा आहेत, तेव्हा तो प्रश्नही मागे पडतोय.

आता कामाचं. जुलैत येताय म्हणजे क्लबांच्या निवड चाचण्या बहुतेक होऊन गेलेल्या असतील, त्या वसंतात असतात. घाबरू नका, जागा सुटत असतात. घर ठरलं की त्याच दिवशी क्लबला लिहा आणि एक सराव करू द्या म्हणा. मुलांपेक्षा भारी वगैरे लिहू नका, तसले ईमेल त्यांना रोज येतात. जन्मदाखला इंग्रजीत हवा. नसेल तर पासपोर्ट सहसा चालतो, खेळाडूचं कार्ड त्यावरच निघतं. पुढे हायस्कूलला गेली की लक्षात ठेवा, शरद ऋतूतल्या खेळांची निवड शाळा सुरू होण्याआधी, ऑगस्टमध्येच होते, आणि डॉक्टरच्या सहीचा तपासणीचा फॉर्म नसेल तर मैदानावर पाऊलही ठेवू देत नाहीत. आमच्या थोरल्याचा एक मोसम त्या फॉर्मपायी गेला.

मुलांच्या कोचला भेटाल तेव्हा दोन गोष्टी विचारा. हिला कुठल्या जागेवर खेळवणार, आणि टीममध्ये दुसरी मुलगी आहे का. पहिल्या प्रश्नाला तो 'बघू' म्हणाला तर ती मागेच जाणार असं धरून चाला. लेकीला दोन्ही टीमबरोबर एकेक सराव करू द्या, आणि तेव्हा कडेला उभे राहू नका, गाडीत बसा. तुमच्या चेहऱ्याकडे बघून ती काय ते ठरवेल, आणि मग कळणार नाही कुणाला काय हवंय.

मुलांच्या टीममध्ये घालायचं ठरलंच, तर दोन्ही रंगांच्या जर्सी तिला घरूनच एकावर एक घालून पाठवा, आतली थोडी घट्ट मापाची घ्या. आम्हाला ही युक्ती सुचली तेव्हा तिचा तिथला शेवटचा महिना उरला होता.