पायलटला कोण सांगणार, हळू घ्या म्हणून?

१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच वाचला. पुढचे कितीतरी दिवस माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहिला: "विमानाचं नाव काढलं की पोटात गोळा येतो. माझं काही बिघडलंय का?"

त्यातल्याच या काकू, साठीच्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लेक बंगळुरूला, बाळंतपण महिन्यावर आलेलं. जावयानं काढलेली विमानाची तिकिटं काकूंनी रद्द करायला लावली. मग ठरलं काय, तर काकांनी रात्री आठला पुण्यातून गाडी काढायची आणि सातारा, कोल्हापूर, हुबळी करत सकाळी लेकीच्या दारात उभं राहायचं. साडेआठशे किलोमीटरच्या आसपास अंतर. काका चौसष्टचे, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं!

"रात्री ट्रॅफिक नसतं," काकू म्हणाल्या.

"आणि येताना पुण्यात शिरतानाचा तो अपघातांचा नवले पुलाचा उतार?"

"तो काय, रोजचाच आहे."

तिथे मी चुकले. आकडा तोंडावर फेकला: २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून जास्त माणसं गेली, म्हणजे दिवसाला साडेचारशेच्या वर. काकू गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आता गाडीतही बसायचं नाही?" पुढचा आठवडाभर त्यांनी काकांना मंडईतसुद्धा स्कूटरवरून जाऊ दिलं नाही. एक भीती घेऊन आलेल्या बाईंना मी दोन देऊन घरी पाठवलं होतं.

मन धोक्याची बेरीज करत बसत नाही. जे एका फटक्यात अनेकांना नेतं, ज्यात आपल्या हातात काही नसतं, त्याचा धसका मोठा. रोज एकेकाला उचलतं ते अंगवळणी पडतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोविक यांनी १९८७ मध्ये हेच मांडलं होतं. तेव्हा काकूंचं काहीही बिघडलेलं नव्हतं. पण अशा धसक्याची किंमत दुसरीकडेच मोजावी लागते. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अनेक अमेरिकनांनी विमान टाळून गाड्या काढल्या, आणि जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगरेंझर यांच्या हिशोबानं पुढच्या वर्षभरात त्यापायी रस्त्यावर सुमारे १५०० मृत्यू जास्तीचे झाले. हे मात्र काकूंना सांगितलं नाही. एकदा हात पोळला होता.

दुसऱ्या भेटीत मी फक्त विचारत गेले. डोळे मिटले की काय दिसतं? "तो धुराचा लोळ." फॅमिली ग्रुपवर आलेला व्हिडिओ त्या रोज झोपताना बघत होत्या. अपघात एकदा झाला होता, काकूंच्या मनात तो रोज रात्री होत होता. तो आम्ही तिथेच डिलीट केला.

मग गाडीत भीती का नाही वाटत?

"हे चालवतात, मी शेजारी असते. वेग वाढला की 'हळू घ्या' म्हणते. पायलटला कोण सांगणार, हळू घ्या म्हणून?"

"आणि रात्री दोन वाजता कोण सांगतं?"

काकू बघत राहिल्या, मग खुदकन हसल्या. "कराडच्या पुढे मी जागी असते कुठे!" काका इतका वेळ बाहेर बाकावर पेपर वाचत होते. त्यांना आत बोलावलं. समोरच्या गाड्यांचे दिवे रात्री डोळ्यांत फुटतात, हे त्यांनी बायकोला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

पुढच्या दोन भेटी विमानातल्या आवाजांवर गेल्या. उड्डाणानंतर पायाखाली धडधड होते ती चाकं आत जातात म्हणून. थोड्या वेळानं इंजिनाचा आवाज उतरतो, आपण खाली चाललो असं वाटतं, खरं तर विमान चढतच असतं. ज्या आवाजाचं कारण माहीत असतं, तो निम्मा घाबरवतो.

जाताना दोघं रेल्वेनंच गेले, डब्यात दशम्या आणि डिंकाचे लाडू घेऊन. मला त्यात काही हरल्यासारखं वाटलं नाही. रात्रीची गाडी टळली होती. येतानाचं तिकीट मात्र विमानाचं काढलंय, तेही काकांनी. त्यांना चाकं आत जातानाचा आवाज ऐकायचाय म्हणे.